सेटिंग स्प्रे: बाटलीवरचे तास आणि चेहऱ्यावरचे तास

लग्नसराई तोंडावर आली की मला भेटायला येणाऱ्या मुली, त्यांच्या आया, हल्ली तर नवरेमुलंसुद्धा एकच प्रश्न विचारतात. "ताई, बाटलीवर सोळा तास लिहिलंय, मग पंगतीला बसेपर्यंतच चेहरा कसा उतरला?" बाटली चांगली महागातली असते, वापरलेलीही असते. तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना बेस फाटलेला, कपाळावर तेल, आणि डोळ्यांखाली बारीक रेघा.

माझं उत्तर ठरलेलं आहे. सेटिंग स्प्रे लावलेला मेकअप धरून ठेवतो, बिघडलेला मेकअप सावरू शकत नाही. खालचे थर पातळ आणि त्वचेला घट्ट बसलेले असतील तर त्यांचं आयुष्य तो काही तासांनी वाढवतो. खाली क्रीम, सनस्क्रीन आणि फाउंडेशनचा चिखल असेल तर चिखलच थोडा वेळ चकाकतो. आणि बाटलीवरच्या आकड्यात तुमच्या गावची हवा धरलेली नसते. म्हणून कोणती बाटली घ्यायची, कशी मारायची आणि फसलात तर कोणाला विचारायचं, हे नीट पाहू.

आधी तीन बाटल्या वेगळ्या ओळखा

दुकानात एकाच फळीवर, जवळजवळ एकसारख्या बाटल्यांत तीन निराळ्या वस्तू ठेवलेल्या असतात. बहुतेक फसगत इथेच होते.

- फेस मिस्ट: पाणी, गुलाबपाणी, ग्लिसरीन, कोरफड असा मामला. चेहरा ताजा वाटतो, ओलावा मिळतो. मेकअप टिकवणं हे तिचं काम नाही.
- सेटिंग मिस्ट: पावडरचा पिठूळपणा मोडते, थर एकमेकांत मिसळवते, चेहरा त्वचेसारखा दिसतो. टिकाऊपणात थोडी भर पडते. ऑफिस, छोटा समारंभ, दुपारचं हळदीकुंकू यांना पुरेशी.
- फिक्सिंग स्प्रे: यात चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरणारा घटक असतो. लग्न, नाच, रंगमंच, मिरवणूक यांसाठी हाच.

गोंधळ असा की तिन्हींवर 'सेटिंग स्प्रे' असं छापलेलं सापडतं. म्हणून बाटलीचा पुढचा भाग सोडा आणि मागची घटकांची यादी वाचा. पीव्हीपी, व्हीपी/व्हीए कोपॉलिमर, ॲक्रिलेट्स कोपॉलिमर, पॉलियुरेथेन यांपैकी एखादं नाव यादीच्या पहिल्या अर्ध्या भागात दिसलं तर ती बाटली मेकअप धरणारी आहे. नावं लक्षात राहत नसतील तर 'कोपॉलिमर' हा एकच शब्द शोधा, निम्म्याहून अधिक वेळा काम भागतं. असं काहीच नसेल, फक्त पाणी, ग्लिसरीन आणि फुलांचे अर्क असतील, तर तुम्ही ओलाव्याचे पैसे देत आहात. ते चुकीचं नाही, पण लग्नाच्या दिवशी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

हे घटक काय करतात ते चार वाक्यांत सांगते, कारण निवड त्यावरच ठरते. फवाऱ्यातलं पाणी आणि अल्कोहोल उडून जातं आणि मागे पातळ, लवचिक पापुद्रा उरतो. बाहेरून होणारी घासाघीस, हात, दुपट्टा, पदर यांपासून तो मेकअपला जपतो. घाम आणि तेल मात्र आतून, त्वचेतून येतात, आणि पापुद्रा तर वर असतो. त्यामुळे घाम फार आला तर कोणताही स्प्रे हरतो, तो फक्त उशिरा हरतो.

तुमची हवा कोणती?

जाहिरात त्वचेबद्दल बोलते, हवेबद्दल कधीच बोलत नाही. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न हवेचा आहे.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे घाम येतो आणि वाळत नाही. हवेतच इतकी आर्द्रता असते की तो चेहऱ्यावर साचतो. इथे ग्लिसरीन भरपूर असलेला, 'ड्यूई' म्हणवणारा स्प्रे घेतलात तर तासाभरात चेहरा तूप लावल्यासारखा दिसतो. इथे मॅट प्रकारचा, पापुद्रा धरणारा फिक्सिंग स्प्रे घ्या. त्यात अल्कोहोल असेल तर तो लवकर वाळतो, आणि दमट खोलीत ते फार उपयोगी पडतं.

नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव इथल्या मे महिन्यात गोष्ट उलटी होते. हवा इतकी कोरडी की घाम दिसण्याआधीच उडतो आणि त्वचा ताणली जाते. जोरदार मॅट स्प्रे इथे पावडरला भेगा पाडतो, विशेषतः तोंडाच्या कडांना आणि डोळ्यांखाली. इथे अल्कोहोल नसलेला किंवा यादीत बराच खाली असलेला, थोडं ग्लिसरीन असलेला स्प्रे चांगला.

पुण्या-नाशिकचं, साताऱ्या-कोल्हापूरचं ऋतूवर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी विदर्भासारखं वागा, जुलैत मुंबईसारखं. परदेशात, थंड देशांत राहणाऱ्या वाचकांनीही कोरड्या हवेचाच नियम धरावा. हिटर लावलेल्या खोलीत त्वचा आपल्याकडच्या उन्हाळ्याइतकीच सुकते.

मग त्वचा, मग प्रसंग

- तेलकट त्वचा: मॅट फिक्सिंग स्प्रे. चेहरा फक्त कपाळ-नाक-हनुवटीवरच तेलकट होत असेल तर तिथे एक फवारा जास्त, गालांवर कमी.
- कोरडी त्वचा: अल्कोहोल नसलेला. मॅटचा मोह टाळा.
- नाजूक त्वचा, एक्झिमा, सतत लाली येणारे गाल: सुगंध आणि अल्कोहोल दोन्ही नसलेला. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना बाटलीच दाखवा.
- दमा असेल तर: दाबाच्या डब्यातला स्प्रे नको, साध्या पंपाची बाटली घ्या आणि खिडकी उघडी ठेवून मारा. खोलीत दुसऱ्या कुणाला दमा असेल तरी हेच.

प्रसंगाचं म्हणाल तर रोज ऑफिसला जाताना फिक्सिंग स्प्रेची गरज नसते, हे मी माझ्या विद्यार्थिनींनाही सांगते. रोज पापुद्रा चढवायचा आणि रोज रात्री खरवडून काढायचा, यात त्वचेची कुचंबणा होते. सोमवार ते शुक्रवार साधी सेटिंग मिस्ट पुरे.

लावणी, भरतनाट्यम किंवा नाटक करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दिव्यांची उष्णता, जाड रंगभूषा आणि दोन-अडीच तासांची हालचाल यांत बाजारातल्या नेहमीच्या मिस्टचा निभाव लागत नाही. बर्लिनमध्ये १९४५ साली सुरू झालेली क्रायोलान ही कंपनी रंगभूमी आणि चित्रपटासाठीच रंगभूषेचं सामान करत आली. अशा व्यावसायिक कंपन्यांचे फिक्सिंग स्प्रे रंगमंचासाठीच असतात. ते जोरदार असतात आणि काहींना त्वचेवर ओढल्यासारखं वाटतं. नाचणाऱ्या मुलीला ते चालतात. लग्नातल्या मावशीला त्यांची गरज नाही.

दुकानात उभं राहून काय तपासायचं

सगळ्यात आधी पंप. आतलं द्रव्य कितीही उत्तम असो, पंप थेंब उडवत असेल तर बाटली वाया गेली. टेस्टर मागा आणि काळ्या कागदावर किंवा गडद ओढणीवर एक वीत अंतरावरून एकदाच मारा. धुक्यासारखा एकसारखा ओलावा दिसला पाहिजे. सुटे ठिपके दिसले किंवा एकाच जागी धार पडली तर बाटली खाली ठेवा. टेस्टर नसेल तर पहिल्यांदा छोटी बाटली घ्या. बऱ्याच कंपन्या प्रवासाची छोटी बाटली विकतात.

मग लेबल. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू आहेत. बाटलीवर किंवा खोक्यावर या गोष्टी पाहा:

- उत्पादकाचं नाव आणि पत्ता
- उत्पादन परवाना क्रमांक. माल परदेशी असेल तर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता
- बॅच क्रमांक
- कधीपर्यंत वापरायचं ती तारीख
- घटकांची यादी
- सर्व करांसहित कमाल किंमत, निव्वळ प्रमाण आणि ग्राहकसेवेचा संपर्क

अगदी छोट्या बाटलीवर घटकांची यादी नसू शकते, तेव्हा त्याच मालाची मोठी बाटली पाहा. परदेशी नाव आहे, पण आयातदाराचा उल्लेखच नाही, किंमत चिकटपट्टीवर हाताने लिहिलेली आहे, असा माल चेहऱ्यासाठी घेऊ नका. तो 'दुबईहून आणलाय' असं दुकानदाराने कितीही प्रेमाने सांगितलं तरी.

'एसपीएफ' असलेल्या सेटिंग स्प्रेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चार फवाऱ्यांत चेहऱ्यावर सनस्क्रीनचं पुरेसं प्रमाण बसत नाही. खाली नेहमीचं सनस्क्रीन लावा आणि त्या स्प्रेला वरची भर समजा.

अर्धं काम फवाऱ्याच्या आधी होतं

इथे घाई झाली तर पुढचं सगळं व्यर्थ. क्रम असा ठेवा:

1. चेहरा धुवा आणि हलकं मॉइश्चरायझर लावा. पाच मिनिटं थांबा.
2. सनस्क्रीन लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. या वेळात केस आवरा, साडी नेसा. ओल्या सनस्क्रीनवर फाउंडेशन लावलं की त्याच्या गोळ्या सुटतात आणि त्या कोणत्याही स्प्रेने बसत नाहीत.
3. उरलेली चकाकी एका पदरी टिश्यूने टिपून घ्या. हे बहुतेक जणी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो.
4. प्राइमर लावायचा तर फक्त नाक, गालांचा आतला भाग आणि कपाळाचा मध्य इथे.
5. फाउंडेशन दोन पातळ थरांत. एक जाड थर कधीच नाही.
6. पावडर पफने दाबून बसवा, ब्रशने झटकू नका.

फाउंडेशन पाण्यावर आधारलेलं आणि प्राइमर सिलिकॉनचा असेल तर थर कधी कधी एकमेकांवरून घसरतात. लग्नाआधी दोन्ही एकत्र हाताच्या मागच्या बाजूला लावून अर्धा तास ठेवा आणि बोटाने हलकेच चोळा. गोळे आले तर जोडी बदला.

फवारा मारायचा कसा

चिपळूणला भाचीच्या लग्नात, मे महिन्यात, सकाळी सातला आम्ही कार्यालयाच्या माडीवरच्या खोलीत होतो. पंखा गरम हवाच फिरवत होता. बेस उत्तम बसला होता, पावडर झाली होती, आणि मी पिना आणायला वळले. तेवढ्यात मदतीला आलेल्या एकीने हौसेने बाटली उचलली आणि चार बोटांच्या अंतरावरून नाकावर तीनदा दाबली. पावडरीवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले आणि बघता बघता प्रत्येक थेंबाभोवती एक पांढरी कडी उमटली. पहिल्या पावसात धुळीच्या अंगणात उमटते तशी. भाची रडायच्या बेतात. एकीने रुमाल पुढे केला आणि मी तो मध्येच धरला. रुमालाने पुसलं असतं तर नाकावरचा सगळा बेस निघून आला असता.

असं झालं तर काय करायचं ते इथेच सांगते. टिश्यूचा एक पदर सोडवून थेंबांवर नुसता टेकवा, दाबू नका, ओढू नका. मग ओला करून घट्ट पिळलेला स्पंज कड्यांवर हलकेच थोपटा, कडा विरघळतात. पूर्ण वाळू द्या. चिमूटभर पावडर दाबा आणि या वेळी लांबून एकच फवारा मारा. चिपळूणला हे सगळं करायला सात-आठ मिनिटं लागली आणि मुहूर्त चुकला नाही.

आता रीत:

- बाटली हलवा. तळाशी पावडर बसणाऱ्या किंवा दोन थर दिसणाऱ्या बाटल्या तर नीट दहा वेळा.
- पहिला फवारा हवेत किंवा बेसिनमध्ये मारा. पंपाच्या तोंडाशी साठलेला थेंब तिथे पडू दे.
- अंतर एक मोठी वीत, म्हणजे साधारण वीस ते तीस सेंटिमीटर. हात पूर्ण लांब करून स्वतःच्या चेहऱ्यावर मारणं जमत नाही त्यांनी वीत मोजूनच मारावं.
- डोळे आणि ओठ मिटा, श्वास रोखा. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधीच घातलेल्या असाव्यात.
- आधी कपाळापासून हनुवटीपर्यंत फुलीसारखे दोन तिरपे फवारे, मग कपाळावर आडवा आणि नाकावरून खाली एक. चार पुरेत, फार तर पाच.
- फवारा थांबला की श्वास सोडा, पण चेहरा स्थिर ठेवा. ओल्या पापुद्र्यात हसलात तर हसण्याच्या रेघाच पक्क्या होतात. दीड-दोन मिनिटं जाऊ द्या.
- वाळवायला कागदाचा किंवा हाताचा पंखा दुरून चालेल. ड्रायरची गरम हवा नको.

दमट हवेत, मोठ्या दिवसासाठी मी दोनदा मारते. फाउंडेशन बसलं की लांबून दोन फवारे मारायचे आणि वाळू द्यायचे. मग पावडर, बाकीचा मेकअप, आणि शेवटी पूर्ण फेरी. दोन थरांच्या पुढे जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या थराला चेहरा कडक होतो, बोलताना ओढल्यासारखं वाटतं आणि तोंडाच्या कडांना पापुद्रा सुटायला लागतो.

डोळ्यांवरच्या चमकीसाठी एक युक्ती. चपट्या ब्रशवर एक फवारा मारा, मग शॅडो घ्या आणि पापणीवर दाबून लावा. रंग खुलतो आणि चमकी गालांवर सांडत नाही.

नथ, मुंडावळ्या आणि कुंकू

मराठी नवरीच्या चेहऱ्यावर मेकअपशिवायही बरंच काही असतं आणि ते सतत हलत असतं. याचा विचार परदेशी व्हिडिओंमध्ये सापडणार नाही.

नथ डाव्या नाकपुडीला आणि वरच्या ओठाला दिवसभर घासते. तिथला बेस सगळ्यात आधी जातो. त्या जागी फाउंडेशन जवळजवळ नसावं, नुसता रंग सारखा करण्यापुरता थर पुरे. चेहरा पूर्ण वाळल्यावरच नथ घाला. दाबाची नथ असेल तर ती एकदाच बसवा, काढ-घाल केली की गोल डाग उघडा पडतो. मोत्यांच्या नथीवर अल्कोहोलचा फवारा उडू देऊ नका, मोत्याचं तेज त्याने कमी होतं. हाच नियम मोत्यांच्या मुंडावळ्या, कुड्या आणि तन्मणीला. दागिने नेहमी स्प्रे वाळल्यानंतर.

मुंडावळ्या कपाळाच्या कडांवर टेकतात आणि त्यांच्याखाली घाम साचतो. तिथे केसांच्या रेषेपर्यंत पावडर दाबून घ्या.

कोरडं कुंकू स्प्रेच्या आधी लावू नका. फवाऱ्याने ते ओलं होतं आणि भुवयांच्या मधे लाल ओघळ उतरतो. चंद्रकोर द्रवाची असेल तर ती स्प्रे वाळल्यावर काढा आणि मग तिला वाळायला वेळ द्या. अंतरपाट दूर झाल्यावर अक्षतांबरोबर कुंकवाचे कणही चेहऱ्यावर येतात. ते ओल्या हाताने टिपू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका.

पाठवणीला रडू येणारच, आणि ते यावं. सेटिंग स्प्रेने काजळ आणि मस्कारा वॉटरप्रूफ होत नाहीत. ते मुळातच वॉटरप्रूफ घ्या. करवलीकडे घडी घातलेले टिश्यू द्या आणि तिला सांगून ठेवा: गालावरून पुसायचं नाही, डोळ्याच्या खालच्या कडेला टिश्यू टेकवून थेंब तिथेच शोषायचा.

आगीशी सावध

हा परिच्छेद वगळू नका. बऱ्याच फिक्सिंग स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, आणि दाबाच्या डब्यांत बहुधा ब्युटेन-प्रोपेन असतं, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. खोलीत निरांजन, उदबत्ती, शेगडी जळत असताना फवारा मारू नका. विवाहहोमाला बसण्याआधी, ओवाळून घेण्याआधी, दिवाळीत फुलबाजी हातात घेण्याआधी चेहरा आणि केस पूर्ण वाळलेले असू द्या. निदान दहा मिनिटं जाऊ द्या. दाबाचा डबा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, अशी सूचना त्यावरच छापलेली असते, आणि मे महिन्यातली बंद गाडी तिथवर सहज पोचते.

हे टाळा

- केसांचा स्प्रे चेहऱ्यावर. घटक एकाच घराण्यातले आहेत म्हणून ही युक्ती चालते असं सांगतात. केसांचा स्प्रे चेहऱ्याच्या त्वचेसाठी, डोळ्यांच्या कडांसाठी बनवलेला नसतो. आग होते, पुरळ येतं.
- घरी केलेला स्प्रे. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, ग्लिसरीन. वास छान येतो, पण धरून ठेवणारा घटक त्यात नसतो आणि टिकवणारा पदार्थ नसल्याने दोन-तीन दिवसांत त्यात जंतू वाढतात. ते चेहऱ्यावर फवारणं बरं नाही.
- नुकत्याच वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच केलेल्या त्वचेवर. निदान एक दिवस जाऊ द्या.
- स्नेहसंमेलनातल्या लहान मुलांवर. पाच-सात वर्षांच्या पोराला श्वास रोख म्हटलं तर ते नेमका मोठा श्वास घेतं. त्यांना थोडी पावडर पुरे.
- लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा. नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला आणि मग कानाखाली जबड्याच्या कडेला मारून दोन दिवस वाट पाहा. मग एकदा पूर्ण मेकअप करून चार-पाच तास घरात वावरा.

दिवसभरात चेहरा सांभाळताना

तेल आलं की हात पावडरीकडे जातो, आणि तेलावर पावडर पडली की पीठ मळल्यासारखं होतं. आधी टिपा, मग पावडर, मग हवा असल्यास एक फवारा. टिपायला ब्लॉटिंग पेपर किंवा साधा टिश्यू चालतो. गणपतीच्या मिरवणुकीत, ढोल-ताशा पथकात असाल तर बाटली बरोबर नेऊच नका. घामावर स्प्रे मारून काही होत नाही, टिश्यू आणि पाणी न्या.

विमानाने परदेशी जाताना केबिनमधल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. मोठी बाटली चेक-इन सामानात टाका.

रात्री उतरवल्याशिवाय झोपू नका

पापुद्रा नुसत्या फेसवॉशने निघत नाही. निघत नाही म्हणून मुली घासतात आणि दुसऱ्या दिवशी त्वचा लाल. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेल कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी लावून मिनिटभर गोल फिरवा, मग ओल्या कापडाने टिपा, मग फेसवॉश. आपल्याकडचे नाटकवाले पिढ्यान् पिढ्या रंग उतरवायला खोबरेल वापरत आले आणि ते काम चोख करतं. फक्त पुटकुळ्या येणाऱ्यांनी खोबरेल टाळावं, त्याने रंध्रं बुजू शकतात.

बाटली उघडल्याची तारीख तळाशी पेनाने लिहा. उघड्या डबीच्या चित्रात '१२एम' किंवा '६एम' असं छापलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. वास बदलला, द्रव्य गढूळ झालं, पंप चिकट झाला तर मुदत बाकी असली तरी फेका.

पार्लरमध्ये आणि खरेदीनंतर तुमचे हक्क

नवरीच्या पॅकेजला हजारो रुपये मोजताना 'एचडी', 'एअरब्रश', 'लाँग स्टे' हे शब्द ऐकून मान डोलावू नका. हे विचारा:

- माझ्यावर वापरणार ती बाटली मूळ लेबलसकट दाखवाल का? दुसऱ्या बाटलीत ओतलेला स्प्रे नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.
- माझी स्वतःची बाटली वापराल का?
- ट्रायल पॅकेजमध्ये आहे की वेगळे पैसे?
- आगाऊ रकमेची पावती मिळेल का, आणि त्यावर काय काय करणार ते लिहाल का?

ट्रायल सकाळी करून घ्या आणि संध्याकाळपर्यंत चेहरा धुऊ नका. आरशासमोर दहा मिनिटं सगळेच मेकअप सुंदर दिसतात.

विकत घेतलेला माल सदोष, मुदत संपलेला किंवा बनावट निघाला तर 'ब्युटी प्रॉडक्ट परत घेत नाही' ही पाटी तुम्हाला अडवू शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. उघडून पाहिल्यावर रंग आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे.

ऑनलाइन घेतलं असेल तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा, खोकं फेकू नका. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करा. त्यापुढे तुमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. लेबलवर परवाना क्रमांकच नसेल किंवा माल बनावट वाटला तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

चेहऱ्यावर पुरळ, सूज किंवा जळजळ आली तर आधी चेहरा धुवा, फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि बाटली तशीच जपून ठेवा. डोळ्यांना सूज आली किंवा श्वास लागला तर फोटोत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. त्यानंतर तक्रार करायला डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि ती बाटली, एवढे तीन पुरावे लागतात. बाटली रागाने कचऱ्यात टाकू नका.